व्हिटबेकांच्या दगडावरचा बोजा

टिलिओ झानोलीच्या तोंडून गोड शब्द काढायचा तर आधी छिन्नी लावावी लागते, असं त्याची बायको इडा म्हणायची. चाळीस वर्षं त्याच्याशी संसार केल्यावर तिला तसं म्हणायचा हक्कच होता. ऑर्डवे फॉल्स गावात, रेल्वेच्या जुन्या फाटकाला लागून टिलिओचं कबरीच्या दगडांचं दुकान. बाप इटलीच्या डोंगरातून छिन्नी-हातोडा घेऊन आला आणि छातीत दगडाची धूळ साठून एक्कावन्नाव्या वर्षी गेला. टिलिओनं धंदा तोच धरला, पण नाकातोंडावर ओला फडका बांधल्याशिवाय त्यानं कधी छिन्नी उचलली नाही. गावातले निम्मे मेलेले त्याच्या हाताखालून गेले होते. एवढ्या वर्षांत एकदाच एका आडनावात त्याचं एक अक्षर चुकलं. तो दगड त्यानं पदरमोड करून बदलून दिला, आणि चुकलेला पालथा घालून मागच्या दाराची पायरी केली. सकाळ-संध्याकाळ त्यावर पाय पडला म्हणजे डोकं ठिकाणावर राहतं, असं तो सांगायचा.

धंद्याचा त्याचा नियम एकच होता. निम्मे पैसे दगड कापायच्या आधी, उरलेले दगड उभा करायच्या आधी. गिऱ्हाईक कितीही रडलं तरी यात बदल नाही.

"गॅरेजवाल्याचं बरं असतं," तो म्हणायचा. "गाडी त्याच्या अंगणात, किल्ली त्याच्या खिळ्याला. पैसे द्या, किल्ली न्या. एकदा किल्ली दिली की मात्र बसला बोंबलत. माझंही तसंच. दगड दुकानात आहे तोवर तो माझा. कबरीवर उभा राहिला की मागायला कुठल्या तोंडानं जाऊ?"

असा हा नियमाचा माणूस एकदाच घसरला, आणि तोही हार्लन व्हिटबेकच्या दगडावरून.

हार्लननं जन्मभर दुधाचा टँकर चालवला. गोठ्यागोठ्यातून दूध उचलायचं आणि डेअरीत नेऊन ओतायचं. बर्फाच्या वादळातही त्याची खेप चुकली नाही. तो गेला तेव्हा चर्चच्या तळघरात, हॅमच्या सँडविचांच्या आणि बटाट्याच्या सॅलडच्या ताटांपुढे, सगळ्या नातलगांच्या देखत त्याचा एकुलता मुलगा रँडल म्हणाला, "माझ्या बापाला बुटका दगड? चालायचं नाही. मोठा घ्या, टँकर कोरा त्यावर. आईनं निम्मे द्यावेत, निम्मे मी देतो." रँडल शहरात घरामागच्या अंगणात बसवायचे पोहण्याचे हौद विकायचा. चांगला कोट घालून आला होता. लोकांनी माना डोलावल्या.

आईचे निम्मे आले तसा टिलिओनं व्हरमाँटचा करडा ग्रॅनाइट मागवला. टँकर असा कोरला की हार्लनचे जुने सोबती येऊन चाकं मोजून गेले. आमच्याकडे नवरा-बायकोचा दगड एकच असतो. गेलेल्याची दोन्ही वर्षं कोरतात, आणि मागे राहिलेल्याचं नाव, जन्माचं वर्ष आणि पुढे एक आडवी रेघ. त्याप्रमाणे हार्लनशेजारी त्याच्या बायकोचं, लॉटीबाईंचं नाव आलं, आणि रेघेपुढची जागा कोरी राहिली.

मे महिना संपत आला तरी रँडलचे पैसे आले नाहीत. मेअखेरचा स्मृतिदिन म्हणजे आमच्या गावात कबरस्तानाची जत्राच. घरोघरची माणसं फुललेल्या जिरेनियमची रोपं, खुरपं, पाण्याची झारी घेऊन येतात, आणि कुणाच्या कबरीवर दगड उभा राहिला नाही ते बरोबर हेरतात. लॉटीबाई दुकानात आल्या. पैशांचा विषय त्यांनी काढला नाही, कारण रँडलनं ते केव्हाच चुकते केले असं त्या समजून होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "टिलिओ, शनिवारपर्यंत होईल ना रे? मी रोपं आणून ठेवलीत."

टिलिओ म्हणाला, होईल. शुक्रवारी दगड उभा राहिला.

"म्हातारी दिसली आणि विरघळलास," इडा म्हणाली. "माझ्यासाठी कधी विरघळला नाहीस."

"तू कधी उधारीवर दगड मागितला नाहीस."

उन्हाळा गेला, हिवाळा गेला. रँडलला फोन केला की त्याच्या ऑफिसातली बाई म्हणायची साहेब बाहेर गेलेत. पुढे पुढे फोन कुणी उचलेचना. इडाचा भाऊ नळकाम करायचा. त्यानं सल्ला दिला, "बोजा चढव. मी घरांवर चढवतो की. जिल्ह्याच्या कचेरीत कागद द्यायचा. मालक घर विकायला निघाला की आधी माझे पैसे, मग बाकीच्यांचे." टिलिओ नवा टाय बांधून कचेरीत गेला. तिथल्या कारकून बाईनं कागद उलटसुलट पाहिला आणि परत दिला. कबरीची जमीन कुणाच्या कर्जापोटी विकता येत नाही, म्हणाली, मग बोजा चढवायचा कशावर?

पण त्या बाईनं माणुसकी दाखवली आणि कायद्याचं पुस्तक काढलं. कबरीचा दगड मोठा अडचणीचा जिन्नस. घरासारखा जमिनीत रोवलेला, आणि गाडीसारखा उचलून नेता येणारा. म्हणून आमच्या राज्यात कुणा शहाण्यानं त्याच्यासाठी वेगळं कलम करून ठेवलंय. दगडवाल्यानं नोटीस कबरस्तानाच्या व्यवस्थापकाकडे द्यायची, आणि तिची प्रत जागेच्या मालकाच्या हातात. मग त्या दगडावर बोजा चढतो. तो उतरेपर्यंत दगड हलवायचा नाही, त्यावर एक अक्षर वाढवायचं नाही. वर्षाच्या आत दावा लावला आणि कोर्टानं हुकूम दिला, तर दगडवाल्यानं दगड उपटून लिलावात विकावा. दावा नाही लावला, तर वर्षानं बोजा आपोआप उतरला.

"लिलावात?" इडा म्हणाली. "आणि घेणार कोण? दुसरा हार्लन व्हिटबेक शोधायचा, दुधाच्या टँकरवाला, आणि त्याची बायकोही लॉटीच पाहिजे."

"मला विकायचा नाही. त्या पोराला लाज वाटावी एवढंच."

एप्रिलच्या बारा तारखेला टिलिओनं नोटीस फेरिस डोनकडे दिली. फेरिस कबरस्तानाचा व्यवस्थापक, टिलिओचा पत्त्यांतला जोडीदार. त्याच्या टपरीत नकाशे, फावडी आणि एक पत्र्याची पेटी. नोटीस त्यानं पेटीत टाकली. "बावीस वर्षांत पहिलीच," तो म्हणाला. "आता प्रत कुणाला देणार?"

टिलिओनं त्याच्याकडे पाहिलं. एवढा वेळ ही गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नव्हती. पैसे रँडलनं बुडवले होते, पण जागेच्या मालकीण लॉटीबाई होत्या. कायदा दगडामागे जातो, शब्द मोडणाऱ्यामागे नाही.

त्या दुपारी तो लॉटीबाईंच्या स्वयंपाकघरात टोपी हातात धरून उभा राहिला. बाईंनी भिंग लावून कागद वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत.

"रँडलनं दिले नाहीत?"

"नाही, लॉटीबाई."

"मला म्हणाला, दिले." त्यांनी कागदाची चौघडी केली आणि साखरेच्या डब्याखाली ठेवली. "बस ना. दालचिनीचा केक केलाय. उभ्यानं आला असशील तरी उभ्यानं जायचं नाही."

टिलिओनं केक खाल्ला. तो पुढे सांगायचा की त्याच्या जन्मात त्याला एवढा जड घास गिळावा लागला नव्हता. घरी येऊन त्यानं इडाला सांगितलं, "मला वाटलं होतं मी पोराच्या थोबाडीत मारतोय. लागली आईला."

सप्टेंबरात लॉटीबाई शेजारणीच्या गाडीतून दुकानात आल्या. उन्हाळ्याभरात अंगाच्या निम्म्या झाल्या होत्या. त्यांनी पिशवीतून पाकीट काढून टिलिओच्या कामाच्या पाट्यावर ठेवलं.

"हार्लनची बोट विकली. तिची मोटर विकली. बर्फावर मासे धरायला बसायचा ती खोपटीही विकली. मोजून घे."

"मी नाही मोजत. आणि मला तुमच्याकडून नकोत. त्यानं शब्द दिला होता, त्यानं द्यावेत."

"तेच बोलायला आलेय." बाई मालाच्या खोक्यावर टेकल्या. "बोजा उतरवल्याचा कागद आत्ता कर, सही कर, आजची तारीख घाल. पण फेरिसकडे नेऊ नकोस. तुझ्या खणात ठेव."

टिलिओला कळेना.

"माझं हृदय दमलंय, टिलिओ. डॉक्टर म्हणाला, पुढचा वसंत धरून चालू नका. मी गेल्यावर रेघेपुढे माझं वर्ष घालायला रँडल येईल. तेव्हा त्याला कळू दे, बापाच्या दगडाचे पैसे दिल्याशिवाय आईचं वर्ष होत नाही. एकदा तरी त्याला स्वतःच्या पायानं येऊ दे. आला तर पैसे घे आणि लगेच परत दे. सांग, आईनं आधीच दिलेत."

"हे बरं नाही, लॉटीबाई. पैसे मिळाल्यावर बोजा ठेवणं म्हणजे लबाडी. उद्या त्यानं मला कोर्टात खेचलं तर तो खरा ठरेल आणि मी चोर."

"जागा माझी, दगड माझा. माझी तक्रार नाही."

"आणि तो नाही आला तर?"

 तसं झालं तर काय करायचं ते बाईंनी हळू आवाजात सांगितलं. टिलिओ म्हणाला, "हे मला जमायचं नाही." त्या म्हणाल्या, "जमेल. तू दगडावर लिहितोस, हे तर कागदावरच लिहायचंय." त्यांच्यासमोर त्यानं दोन्ही कागद लिहिले आणि खणात ठेवले.

फेब्रुवारीत लॉटीबाई गेल्या. त्या दिवसांत आमची जमीन पहारीलाही दाद देत नाही. म्हणून कबरस्तानाच्या फाटकाशी टेकडीत खोदलेली दगडी कोठडी आहे, तिथे हिवाळ्यात गेलेली माणसं बर्फ वितळायची वाट बघतात. लॉटीबाईंना तिथे ठेवलं. रँडल आला, पहिल्या बाकावर बसला, कुणाशी फारसं बोलला नाही. या वेळी अंगात कोट नव्हता, साधं जाकीट होतं. निघताना त्यानं फेरिसला सांगितलं, एप्रिलच्या सव्वीसला आईला मातीत ठेवू, तोवर दगडावर तिचं वर्ष कोरून घ्या.

"घेतलं असतं," फेरिस म्हणाला. "पण त्या दगडावर बोजा आहे. कागद माझ्या पेटीत आहे तोवर कुणाची छिन्नी लागायची नाही."

रँडल कानापर्यंत लाल झाला. "बघतो मी," म्हणाला, आणि गेला.

मग सात आठवडे काही नाही. टिलिओनं चाळीस वर्षांत दुकानातला फोन उचलला नव्हता. आता घंटा वाजली की इडाच्या आधी तो धावायचा. रोज सकाळी खण उघडून तो कागद आहे ना बघायचा, मग दिवसभर तोंड पाडून बसायचा. लॉटीबाईंचा मुलगा येतो की नाही, हे कळायला आता नोटिशीचं वर्ष भरेपर्यंत, म्हणजे बारा एप्रिलपर्यंतच वेळ होता.

"दे तो कागद फेरिसला आणि मोकळा हो," इडा म्हणाली. "माणसं तोलायचं काम देवाचं. त्याला पगार मिळतो त्याचा."

"शब्द दिलाय."

"मग जेव तरी नीट."

फेरिसही येऊन गेला. लोक विचारतात म्हणाला, बाईंच्या नावापुढे काम का सुरू होत नाही. "तू आणि तुझे पैसे, लेका. मेल्या बाईचा तरी विचार कर." टिलिओनं ऐकून घेतलं. पैसे मिळालेत हे सांगायची त्याला सोय नव्हती. गावात त्याला कंजूष म्हणू लागले ते त्याच्या कानावर आलं, आणि लागलंही.

अकरा एप्रिलला दुपारी दुकानापुढे एक गाडी थांबली. दारावर हौद विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीचं नाव होतं, पण ते रँडलच्या कंपनीचं नव्हतं. रँडल उतरला. दारातच उभा राहिला, आणि पाकीट पुढे केलं.

"मिस्टर झानोली, हे उरलेले. सगळे आहेत. उशीर झाला."

टिलिओनं पाकीट घेतलं नाही. "धंदा?"

"बुडाला. बाबा गेले त्याच वर्षी बुडत होता. आता दुसऱ्याकडे नोकरी करतो." तो बूट बघत बोलत होता. "तळघरात सगळ्यांपुढे बोललो तेव्हाही खिशात काही नव्हतं. आईला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून दिले म्हणालो. मग फोनच उचलवेना."

"वकिलाला विचारलंस?"

"विचारलं. तो म्हणाला, उद्या मुदत संपते. परवा जा, दमडी न देता काम होईल."

टिलिओनं बाजूचा स्टूल पायानं पुढे सरकवला. "मग आज कशाला आलास?"

"परवा आलो असतो तर माझ्या बापाला दगड तुम्ही दिला, असं झालं असतं." रँडल बसला. "मी देतो म्हटलं होतं मी."

सात आठवडे छातीवर बसलेलं काहीतरी टिलिओच्या अंगावरून उतरलं. या पोराचा त्याला दोन वर्षं राग होता आणि आता तो शोधूनही सापडेना. त्यानं पाकीट घेतलं, क्षणभर हातात धरलं, आणि परत रँडलच्या मांडीवर ठेवलं. मग खणातून बोजा उतरवल्याचा कागद काढला.

"तुझ्या आईनं दिले. बोट विकून. तारीख बघ."

रँडलनं तारीख बघितली.  मग त्याचा चेहरा कडू झाला.

"म्हणजे माझी परीक्षा चालली होती. तुम्ही दोघांनी मिळून."

"मी हमाल. सांगितलं तेवढं केलं."

"आणि नापास झालो असतो तर? गावभर करणार होतात ना? व्हिटबेकच्या पोरानं आईबापाचा दगड बुडवला म्हणून?"

 आला तर काय सांगायचं ते बाईंनी सांगितलं होतं. नाही आला तर काय करायचं, ते त्याला सांगू नको असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या. त्यानं पुन्हा खणात हात घातला आणि तळातून दुसरा कागद काढला.

"तू आला नसतास, तर परवा मी हे फेरिसच्या टपरीच्या भिंतीला लावणार होतो. तुझ्या आईचा हुकूम. मला, टिलिओ झानोलीला, या वयात खोटं लिहायला लावलं तिनं."

ती पावती होती. त्याच्याच वळणदार अक्षरात, दगडावर लिहावी तशी: हार्लन आणि लॉटी व्हिटबेक यांच्या दगडाची सर्व उरलेली रक्कम त्यांचे चिरंजीव रँडल व्हिटबेक यांजकडून मिळाली. खाली सही, आणि सप्टेंबरची तारीख.

"तू आला नसतास तर तुला हे कळलंच नसतं," टिलिओ म्हणाला. "गावाला मात्र कळायला हवं होतं, पोरानं पैसे दिले."

रँडलनं पावती दोन्ही हातांत धरली.

"सप्टेंबरात मी तिला एक फोनसुद्धा केला नव्हता," तो म्हणाला.

टिलिओनं पाट्यावरची बारीक छिन्नी उचलली, आणि पोराला मोकळेपणी रडता यावं म्हणून त्याच्याकडे पाठ करून तिला धार लावायला घेतली.